एका वेळी एकच टॅब

१८ नोव्हेंबर

पंकज भैयानं, आमच्या कंपनीच्या मालकानं, आज सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, साइट आपोआप टेस्ट करणारं टूल ललिता निवडणार. मला आधी विचारलंसुद्धा नाही. "संस्थावालों को ऑटोमेशन की रिपोर्ट चाहिए, तभी दूसरा फेज मिलेगा. तीन टूल देख ले, एक पकड़ ले." भाजी आणायला पाठवल्यासारखं.

संस्थेसाठी आम्ही बनवलेली सिकलसेलची साइट. गावोगावच्या शिबिरात रक्त घेतात, निकाल साइटवर चढतो, माणूस आपला नंबर टाकून पाहतो. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे वाहक, स्वतःला त्रास नाही पण आजार पोरांना जाऊ शकतो. लाल म्हणजे आजारच. आमच्या घरी आई पिवळी, बाबा पिवळे, मी पिवळी, धाकटी बहीण रोशनी पिवळी. सुखदेव दादा लाल. आईबाबांच्या वेळी असं काही तपासतात हेच कोणाला माहीत नव्हतं. आम्हा गोंडांत दोन घरांच्या देवांचा आकडा वेगळा लागतो, तेवढंच पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही किती देवांचे, आम्ही किती देवांचे, जुळले, झालं लग्न.

म्हणून ही साइट मी बाकीच्या कामांसारखी टेस्ट करत नाही. करताच येत नाही. भैयाला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

शोभाताई डबा खाताना म्हणाल्या, "टूल आलं का मी गेली, हो ना?" ऑफिसात टेस्टिंगला आम्ही दोघीच, बाकी कोड लिहिणारी पोरं. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण मग संध्याकाळपर्यंत त्या टेबलाचा खण आवरत बसल्या.

२१ नोव्हेंबर

तिन्ही टूल लावून पाहिली. खरी नावं लांबलचक इंग्रजी, मी इथे आपली ठेवते.

एआयवाला : तोंडानं सांगा, मी करतो म्हणतो. मराठी नाव टाकलं की बोबडी वळते. "कुंभरे" टाकलं तर काना-मात्रा सगळं सुटं करून ठेवलं. बाद.

फुकटवाला : दमदार. कितीही टॅब उघडा, नेट मुद्दाम हळू करा, मधेच तोडा, काय वाट्टेल ते. पण प्रत्येक गोष्ट कोड लिहून. मला जमेल, महिना-दीड महिना घासावी लागेल. शोभाताईंना नाही जमणार. त्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही.

रेकॉर्डवाला : बटण दाबायचं, आपण साइट रोजच्यासारखी चालवायची. तो पाहून ठेवतो आणि मग रोज सकाळी आपलाआपण तसंच चालवतो. फुकट नाही. पण कोणीही शिकेल.

डोकं उठलं. खाली पोहेवाल्याकडे जाऊन डबल तर्री मारून आली, तरी उतरलं नाही.

२५ नोव्हेंबर

शोभाताईंच्या मशीनवर आज भलतंच दिसलं. एका बाईच्या नावावर दुसऱ्याच माणसाचा निकाल. त्यांनी हाक मारली, मी गेली, पान पुन्हा उघडलं, तसंच. मग माझ्या जागेवर येऊन तेच सगळं पहिल्यापासून केलं. बरोबर निघालं. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं तर वर टॅबची ही रांग! अर्धवट भरलेली पानं, पोराच्या शाळेचं एक, भजनाचं एक, आवळ्याच्या मुरब्ब्याचं एक. मी चिडलीच. "शोभाताई, बंद करत जा ना हे! कम्प्युटर आहे का इतवारी बाजार?" त्याही लगेच म्हणाल्या, "माझाच डब्बा भंगार आहे, काहीबाही दाखवते." कोडवाल्या पोरानं शेरा मारला, 'पुन्हा दिसली नाही', आणि चूक बंद करून टाकली.

मीही ताणून धरलं नाही. जेवायची वेळ झाली होती.

३० नोव्हेंबर

रोशनीचा फोन. ती त्याच संस्थेत लागली आहे, सालेकशाकडच्या शिबिरांत नावं लिहून घ्यायचं आणि मग निकाल आमच्या साइटवर चढवायचं काम. लॅबमधून नंबर आणि निकाल अशी यादी येते, ती पाहून भरायचं. इकडचं तिकडचं बोलत बसली आणि मग पोटातलं बाहेर आलं.

"ताई, एक पोरगा हाय. दिनेश. देवरीकडचा. मामाच्या घरी धान कापाले आलता, तवा शिबिरात रक्त देल्लन. जंगल खात्यात रोजीवर हाय."

"रंग?" मी पहिलं तेच विचारलं.

"हिरवा हाय ना बापा! मीच त चढवली त्याची नोंद, मायाच हातानं. हिरवा दिसला तवाच बोलली मी त्याच्यासंग."

हसून राहिली होती. देव पण जुळतात म्हणे, ते सात, आपण सहा. म्हणजे बाईनं सगळं आधीच पाहून घेतलं. एक जण हिरवा असला की पोरं लाल होत नाहीत. आईची दादा गेल्यापासून तेवढीच अट आहे. मला आनंद झाला. खूप झाला, इतका की फोन ठेवल्यावर एकटीच रडली.

४ डिसेंबर

रेकॉर्डवाला.

भैयाला तीन कारणं दिली. लवकर लागतो, रिपोर्ट छान रंगीत निघतो, कोडवाला माणूस अडकत नाही. चौथं कारण दिलं नाही. तो शोभाताई चालवू शकतात. फुकटवाला घेतला असता तर त्यांच्यासाठी काहीच काम उरलं नसतं.

एक उणीव लिहून ठेवते. तो दर वेळी नवी कोरी विंडो उघडतो आणि एका वेळी एकच टॅब चालवतो. दोन पानं सोबत उघडून काम करायचं त्याला येत नाही. तुलनेच्या तक्त्यात मी त्यासमोर लिहिलं, 'फरक पडत नाही'. कोण बसते निकाल चढवताना दोन-दोन पानं उघडून? तपासायचंही कोणाला सुचलं नाही. भैयानं तक्ता वाचलासुद्धा नाही.

१० डिसेंबर

शोभाताई शिकल्या! परवापासून त्यांनी लॉगिन, नोंदणी, निकाल चढवणे, निकाल पाहणे, सगळं रेकॉर्ड करून टाकलं. टूल आपोआप पान उघडते, आपोआप टाइप करते, तेव्हा त्या हात मांडीवर ठेवून पाहत बसतात. "भूत बसलं वो याच्यात!" पोरं हसली, त्याही हसल्या.

त्यांच्या मशीनवर आता एकही जास्तीचा टॅब नसतो. टूलला चालत नाही ना.

१६ डिसेंबर

घरी. रोशनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

देवरीचे पाहुणे दोन गाड्या भरून आले. आमच्या पुजाऱ्यानं, भुमकाबाबानं, मोठ्या देवाचं, फडापेनचं नाव घेतलं, दोन्हीकडच्या बुजुर्गांनी देव मोजले, सगळं रीतसर झालं. मग आईनं जे केलं ते आमच्या गावात कोणी केलं नसेल. सगळ्यांसमोर म्हणाली, "रंग दाखवा." दिनेशनं मोबाइल काढला, पान आधीच उघडून फोटो काढून ठेवला होता. हिरवं. आईनं तो मोबाइल दोन्ही हातांत धरला, वाचता येत नाही तिला, रंगच पाहत बसली. मग म्हणाली, "आता चहा मांडा."

दिनेश बरा आहे. कमी बोलतो. माझ्याशी बोलताना उभा राहिला, मी बस म्हटलं तरी बसेना. रोशनीकडे चोरून पाहत होता आणि पकडला गेला की कान लाल.

मांडव उन्हाळ्यात. त्याआधी माघ पुनवेला दोन्ही घरं मिळून कचारगडच्या गुहेतल्या देवाच्या यात्रेला जायचं ठरलं.

दादाच्या फोटोवरची धूळ ओढणीनं पुसली.  थंडीतच त्याची हाडं जास्त दुखायची, रात्रंदिवस कण्हायचा, आणि आई विटा तापवून फडक्यात गुंडाळून त्याचे पाय शेकायची. ते कण्हणं अजून कानात आहे.

२२ डिसेंबर

शोभाताईंना काढलं.

भैयानं त्यांना आत बोलावलं, दार लावलं, लगेच उघडलं. मला म्हणाला, "अब तो मशीन खुद चलती है, तू अकेली कर लेगी." मी म्हटलं, टूल त्यांच्यासाठीच घेतलं होतं. तो म्हणाला, "मतलब?" खरंच त्याला कळलं नाही. 

शोभाताई रडल्या नाहीत. डबा, चपला, गणपतीचं छोटं चित्र पिशवीत टाकलं. जाताना म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. मीच शिकवून ठेवलं त्याला." मला वाटलं होतं मी हुशारी करून राहिली. झक मारली.

५ जानेवारी

रिपोर्ट गेला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं पास. संस्थेच्या मॅडमनी कौतुक केलं, भैयानं समोसे मागवले. दुसरा टप्पा मिळाला, आता जिल्हाभर शिबिरं होणार.

माझा समोसा मी कागदात बांधून ठेवला. शोभाताईंच्या खुर्चीवर पोरांनी हेल्मेट ठेवायला सुरुवात केली आहे.

१४ जानेवारी

संक्रांतीला घरी आली. सकाळच्या लोकलनं. गारठा असा की बोटं वाकत नाहीत.

रोशनी बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, चालली होती, मीही गेली. गावात रेंज नाही, पाळीवर मोहाच्या झाडाखाली तेवढी येते आणि तीही सकाळ-संध्याकाळ घटकाभर. ती बुडाखाली पोतं टाकून लॅपटॉप घेऊन बसली आणि ज्यांचे निकाल चढवायचे त्या सगळ्यांची पानं एकामागे एक उघडत गेली. टॅबची रांग वाढतच राहिली.

"एवढे टॅब काऊन उघडून राहिली?"

"रेंज गेली त नवं पान उघडत नाही ना ताई. उघडून ठेवलं का मंग आरामात भरता येते. संध्याकाळी पुन्हा रेंज आली का पटापट सबमिट मारायचं. सगळ्या सेंटरच्या पोरी असंच करतात. आमचं हेच काम करायचं वळण."

"आणि गडबड होत नाही कधी?"

"कधी कधी एक सोडून सगळे रिकामेच दिसते. मंग एकेक उघडून पुन्हा भरतो. रेंजनं खाल्लं म्हणतो आम्ही."

 शोभाताईंचा स्क्रीन डोळ्यांसमोर आला, ती रांग, आणि एकीच्या नावावर दुसऱ्याचा निकाल. मी तिला म्हटलं, आजचं सबमिट करू नको. "कायले?" म्हणाली. मी म्हटलं, साइटचं काम चालू आहे. आईनं तिळाचे लाडू बांधून दिले, ते डब्यात तसेच आहेत.

१५ जानेवारी

ऑफिसात इतर कोणी यायच्या आधी बसली. आमच्या टेस्टच्या साइटवर दोन खोटी माणसं तयार केली, मंगला आणि शामराव. मंगलाचं पान उघडलं. ते तसंच ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये शामरावचं उघडलं. शामरावचा निकाल पिवळा भरला, सबमिट. मागे जाऊन मंगलाचा हिरवा भरला, सबमिट.

मंगला रिकामी. शामराव हिरवा.

साइट फक्त शेवटी उघडलेल्या माणसाला लक्षात ठेवते. आधीच्या टॅबमधून काहीही पाठवलं तरी ते त्याच्याच नावावर बसते. मग मंगला रिकामी दिसते म्हणून ऑपरेटर ती पुन्हा भरते, ती बरोबर होते, आणि शामराव चुकीचा तो चुकीचाच राहतो. कोणाला पत्ता लागत नाही.

मग टूल चालवलं. सगळं पास. त्याचं काय चुकलं? तो कोरी विंडो उघडतो, एका माणसाचं काम करतो, बंद करतो. मीच तसा निवडला.

दिनेशचा हिरवा, तो कोणाचा हिरवा?

१६ जानेवारी

भैयाला दाखवलं. दोन टॅब, मंगला, शामराव. त्यानं पाहिलं, पुन्हा करायला लावलं. मग दार लावलं.

"कोई शिकायत आई?"

"नाही."

"तो चुपचाप फिक्स करो."

"आणि आधी चढलेले निकाल?"

"वो संस्था का डेटा है, अपना नहीं."

कोडवाल्या पोरानं दुपारपर्यंत दुरुस्त केलं. त्याच्या लेखी संपलं. पण नवा निकाल बसला की साइट आधीचा पुसून टाकते, मागे काही ठेवत नाही. लॅबच्या याद्या संस्थेची माणसं निकाल चढवून झाले की जाळून टाकतात, लॅबमध्येही प्रत ठेवत नाहीत, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. म्हणजे कोणाचं खरं, कोणाचं खोटं, हे आता साइट सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही. पुन्हा रक्त घ्यायचं, दुसरा रस्ता नाही. ते फक्त दिनेशचंच नाही. किती घरांत मोबाइलवर तो हिरवा फोटो जपून ठेवला असेल आणि किती जणांनी त्याच्यावर सोयरिकी केल्या असतील!

१९ जानेवारी

भैयाला म्हटलं, तुम्ही कळवा, नाहीतर मी कळवते. तो म्हणाला, "तुझे नौकरी नहीं करनी क्या?" मी संस्थेच्या मॅडमना फोन लावला, त्याच्याच समोर. सगळं सांगितलं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, वरती बोलते.

 भैया बाहेर निघून गेला. पोरांनी मान वर केली नाही.

शोभाताईंना फोन केला. म्हटलं, तुमचा डब्बा भंगार नव्हता, तुम्हाला दिसलं ते खरं होतं. त्यांना ती गोष्ट आठवतच नव्हती, म्हणून टॅबच्या रांगेची, मुरब्ब्याची आठवण दिली. "मुरब्बा? हो गं, केला होता," म्हणाल्या. सध्या एका दुकानात बसतात.

२४ जानेवारी

रोशनीला सांगितलं. फोनवर सांगायचं नव्हतं, घरी गेली. पाळीवरच बसलो. धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी फुलली आहे, निळी निळी. तिला आवडते ती, आज तिनं पाहिलीही नाही.

आधी तिला वाटलं मी साइटचं काहीतरी सांगून राहिली. "मंग दुरुस्त झालं ना?" म्हणाली. मग थांबली. मला तिचा चेहरा पाहवेना.

"त्याच्या आधी कोणाचं पान उघडं होतं? काही आठवते?"

"कशी आठवन? कितीक माणसं होती त्या दिवशी."

"यादीत त्याच्यासमोर काय होतं?"

"यादीत नंबर राह्यते ताई, नाव नाही राहत. तवा त्याचा नंबर बी मले ठाव नव्हता." मग एकदम ओरडली. "तू त टेस्ट केली होती ना? पास म्हणली होतीस ना तू?"

"हो."

"मंग?"

मंग काय? मी म्हटलं, मी एक-एक माणूस तपासला, तू दहा-दहा उघडून काम करतेस, आणि हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला पाहिजे होतं. ती गवत उपटत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "मीच चढवली. मायाच हातानं." तेच तेच म्हणत राहिली. मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, पण लाकडासारखी बसली होती.

निघताना म्हणाली, "पिवळा निंगाला तरी मी त्यालेच करन. सांगून ठेवतो तुले."

२५ जानेवारी

आईला मी सांगणार नव्हती. रोशनीनंच सांगून टाकलं, चुलीपुढे, रडत. आई धान पाखडून राहिली होती. सूप थांबलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "हिरवा निंगाला त मांडव टाकू. पिवळा निंगाला त मांडव नाही."

"आई, दर वेळेस लाल होत नाही पोरगं. मी झाली का? ताई झाली का?"

"सुखदेव झाला." एवढंच. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक पोरगा पुरला मी. नातू पुराले नाही जात आता."

बाबा उठून बाहेर गेले. दोघीही खोट्या नाहीत. मी मधे बसली, आणि हे सगळं मी आणलं घरात.

आता दिनेशला कोण सांगणार? साक्षगंध झाल्यावर पोराचं रक्त पुन्हा मागायचं म्हणजे त्या घरावर संशय. पाहुणे सरळ म्हणतील, पोरगी द्यायची नाही असं सांगा ना.

२ फेब्रुवारी

संस्थेचं उत्तर आलं. सध्या यात्रेत आरोग्य शिबिराची गडबड आहे, यात्रा झाल्यावर फेरतपासणीबाबत विचार करण्यात येईल. करण्यात येईल! मी पुन्हा फोन केला. मॅडम म्हणाल्या, "ललिता, लोक घाबरतील, एकदम नाही सांगता येत." मी म्हटलं, उन्हाळ्यात लग्नं आहेत मॅडम. त्या म्हणाल्या, मला कळते. कळते तर मग करा ना काहीतरी! पण हे फोन ठेवल्यावर म्हटलं.

निकालाच्या पानावर 'हा निकाल पुन्हा तपासून घ्यावा' एवढी ओळ टाकायची परवानगी मागितली आहे. अजून आली नाही. भैया माझ्याशी फक्त मेलवर बोलतो, शेजारच्या खोलीतून.

१२ फेब्रुवारी

कचारगड. माणसांचा पूर लोटला होता, पिवळे झेंडे, ढोल, कुठून कुठून आलेली गोंडी, छत्तीसगढी, तेलुगू. दोन्ही घरं सोबत चढलो. रोशनी दिनेशकडे पाहतच नव्हती. त्याला कळत नव्हतं काय झालं, तो आपला सगळ्यांच्या पिशव्या उचलून चालला होता.

गुहेच्या अलीकडे चढावर मी त्याला थांबवलं. आई आणि पाहुणे पुढे गेले. म्हटलं, दिनेश, बस. आज बसला. सांगितलं सगळं, जसं शोभाताईंना सांगितलं असतं तसं, सोपं करून. साइट चुकली, तुझा हिरवा खरा असेल, नसेलही.

तो जमिनीकडे पाहत राहिला. "म्हंजे मी खराब हाय म्हनता?"

"खराब कोणी नसते. मी पिवळीच आहे. रोशनी पिवळीच आहे."

"तिले माहीत हाय हे?"

"हो."

"मंग थे काऊन नाही बोलली मले?"

"भेते."

लोक बाजूनं चढत होते, जयकारा करत होते. त्यानं पायाशी पडलेली काडी मोडून मोडून बारीक केली. मग म्हणाला, "उद्या चला गोंदियाले. देतो रक्त. माया घरी नोका सांगू सध्या." उठला, पिशव्या उचलल्या. दोन पावलं गेल्यावर मागे वळून विचारलं, "पिवळा निंगाला त तुमची आई...?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याला काय समजायचं ते समजलं. वर देवासमोर तो खूप वेळ डोळे मिटून उभा होता. मीही होती, पण मागता काही येईना.

१३ फेब्रुवारी

लॅबमध्ये रक्त दिलं. ही पक्की तपासणी गोंदियात तिथेच होते, संस्थेच्याच लॅबमध्ये. मी लॅबवाल्याला म्हटलं, निकाल मला तोंडी सांगा, नाहीतर कागदावर द्या. "तोंडी नाही सांगता येत म्याडम, नियम हाय. साइटवर येईल."

दिनेश दंडावर कापूस दाबून बसला होता. त्याला चहा पाजला. रोशनीबद्दल बोलला. शिबिरात तिनं त्याचं नाव दोनदा विचारलं होतं म्हणे, पहिल्यांदा ऐकू येऊनसुद्धा. सांगताना हसला. त्याला गाडीत बसवून दिलं आणि स्टँडवर तशीच उभी राहिली.

१८ फेब्रुवारी

सकाळी टूल चालवलं, सगळं पास. त्याच्यावर विसंबली नाही. हातानं चालवून पाहिलं, टॅबची रांग लावून, मुद्दाम नेट तोडून, उलटसुलट सबमिट मारून. शोभाताई असत्या तर जसं झालं असतं तसं. बरोबर निघालं. पुन्हा केलं. बरोबर. तरी विश्वास बसत नाही. आता कधी बसेल असं वाटतही नाही.

निकालाच्या पानावरची ती एक ओळ अजून पडून आहे, परवानगी नाही.

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, दिनेशनं लॅबमध्ये त्याच्यासोबत माझाही नंबर दिला होता, दिनेशचा निकाल साइटवर उपलब्ध आहे. लॅबला फोन केला, दादा, एक शब्द सांगा फक्त. तो म्हणाला, "पहा ना म्याडम साइटवर. तुमचीच त हाय."

तेवढ्यात रोशनीचा फोन. "ताई, आम्ही पाळीवर आहो. दिनेश बी आला. पान उघडत नाही, रेंज येऊन-जाऊन राहिली. तूच पाहून सांग." मागून आईचा आवाज आला, "आला का रंग?" म्हणजे ती पण पाळीवर चढून आली, गुडघे दुखतात तरी.

पाहून सांगते म्हणून फोन ठेवला आणि आधी हे लिहायला घेतलं. नंतर लिहिता येईल का माहीत नाही. नंबर टाकून ठेवला आहे. बाकीचे सगळे टॅब बंद केले, एकच ठेवला. 'निकाल पहा' एवढं दाबायचं आहे. जे दिसेल ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे, तिघांना एकदम, आणि त्यातलं एक जण तरी मला पुन्हा तसंच हाक मारेल की नाही ठाऊक नाही.

रोशनीचा पुन्हा फोन वाजून राहिला.